घर आधी, की तयारी आधी?

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईबापांना 'आमच्यानंतर याचं काय?' हा प्रश्न आज जेवढा छळतो, तेवढा दोन पिढ्यांमागे छळत नसे. तेव्हाचे आईबाप कमी मायाळू होते असं नाही. ही मुलंच फार जगत नसत. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत 1983 साली 25 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 60 च्या घरात आहे. आपल्याकडे सगळ्यांच्याच वाट्याला तेवढे उपचार येत नाहीत, पण वाऱ्याची दिशा तीच आहे. 2011 च्या जनगणनेत बौद्धिक अपंग म्हणून नोंदलेली माणसं देशात सुमारे 15 लाख होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आईबापांच्या मागे कितीतरी वर्षं काढायची आहेत. विशेष शाळा अठराव्या वर्षी हात सोडते. पुढे नशीब असेल तर एखादी कार्यशाळा, नसेल तर घरातला टीव्ही. महाराष्ट्रात या पोकळीत जे उभं राहिलं ते बरंचसं पालकांनी आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांनी उभं केलं: बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणी गावातलं 'घरकुल', हिंजवडीशेजारी मारुंजीचं 'नवक्षितिज', अशा निवासी संस्था. या कामाबद्दल आदर ठेवूनच पुढचा वाद मांडला आहे. संवाद रचलेला आहे. पालक-संघटनांच्या बैठकांत पुन्हा पुन्हा निघणारे आक्षेप एका निवृत्त वडिलांच्या तोंडी घातले आहेत. त्यांची बाजू मुद्दाम दुबळी केलेली नाही, कारण मुळात ती दुबळी नाहीच.

पालक : ताई, तुम्हा लिहिणाऱ्यांना मोठ्या संस्थेचं वावडं असतं. मला माझ्यामागे काय हवं ते ऐका. भक्कम कुंपण, रात्री जागं असलेलं माणूस, आठवड्याला डॉक्टर, वेळेवर ताट. शिवाय काहीतरी उद्योग, म्हणजे मूल नुसतं भिंतीकडे बघत बसणार नाही. पन्नास-साठ जण एकत्र असले की हे परवडतं. एखादी मावशी चिडकी निघाली तर दुसरी असते, एक डॉक्टर आला नाही तर दुसरा बोलावता येतो. संस्थेला विश्वस्त असतात, हिशेब तपासले जातात, देणगीदार येऊन बघून जातात. तुम्ही सुचवता तसल्या चौघांच्या छोट्या घरात डोकावायला कोण येणार? आणि मैत्रीचं म्हणाल, तर सोसायटीतली पोरं यांना क्रिकेटमध्ये घेतात का? त्यांना त्यांच्यासारखे मित्र मिळतात ते तिथेच.

लेखिका : काका, कुंपण आणि डॉक्टर सोडून बोलू, कारण त्यावर आपलं भांडण नाही. संस्थेत किती माणसं राहतात यापेक्षा तिथला दिवस कसा जातो, हे मला आधी विचारायचं आहे. 1971 साली किंग, रेन्स आणि टिझार्ड या तीन ब्रिटिश संशोधकांनी अपंग मुलांच्या निवासी संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. चार गोष्टी त्यांनी पाहिल्या. माणूस कसाही असो, वेळापत्रक तेच राहतं का? आंघोळीला, संडासला, जेवायला सगळ्यांना एकदम हाकलत नेतात आणि रांगेत ताटकळत ठेवतात का? प्रत्येकाचे स्वतःचे कपडे, स्वतःचं कपाट, स्वतःच्या वस्तू आहेत का? आणि सांभाळणारी माणसं त्यांच्याबरोबर बसून जेवतात, गप्पा मारतात, की पाळी संपवून निघून जातात? या चारही बाबतींत संस्था-संस्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघाला, आणि तो फरक निव्वळ आकारावरून किंवा कर्मचारी किती यावरून उलगडेना. ज्या विभागाच्या प्रमुखाला आज काय शिजवायचं, सहलीला कधी जायचं, कुणाला उशिरा उठू द्यायचं हे स्वतः ठरवता येत होतं, तिथे मुलांनाही मोकळीक होती. जिथे प्रमुखालाच वरून हुकूम येत होते, तिथे तेच हुकूम खाली मुलांपर्यंत पोचत होते. पन्नास जणांच्या परिसरातही सहा-सहा जणांची वेगळी घरं असतील, प्रत्येक घराचा स्वयंपाक वेगळा असेल, तर मला त्याचं वावडं नाही. मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' 1994 पासून साधारण याच वाटेने चाललं आहे. तुम्ही सांगितलेल्या यादीत मात्र तुमच्या मुलाने करायचं असं एकही काम नव्हतं. ताट वेळेवर येतं, पण ते त्याने वाढून घेतलेलं नाही.

पालक : वाढून घेता आलं असतं तर संस्था कशाला शोधली असती? आधी शिकवा ना. वीस वर्षं शाळा-कार्यशाळा झाल्या, अजून गॅस पेटवताना धडकी भरते. कार्यशाळेत पक्का तयार होऊ दे, मग घराचं बोलू. पोहता येत नाही त्याला विहिरीत ढकलून चालत नाही.

लेखिका : विहिरीत नको, पण ओसरीवर हात मारूनही पोहणं येत नाही. कार्यशाळांचं नेमकं हेच होतं. बौद्धिक अपंगत्वाचा एक गुणधर्म विशेष शिक्षकांना रोज दिसतो: एका खोलीत, एका ताईंसमोर, एका भांड्यात शिकलेली गोष्ट दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासमोर आपोआप उतरत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात चहा करणारी मुलगी घरच्या ओट्यासमोर गोंधळते, कारण शेगडी वेगळी, डबे वेगळे, आणि आई म्हणते 'राहू दे, मी करते'. म्हणजे जिथे राहायचं त्याच ओट्यावर शिकवलं तर एकदाच शिकवावं लागतं. नोकरीच्या बाबतीत अमेरिकेत 1980 च्या दशकात हा क्रम उलटा करून पाहिला गेला. आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी, हे सोडून आधी खऱ्या दुकानात किंवा कचेरीत जागा द्यायची आणि शिकवणारा माणूस तिथेच बरोबर पाठवायचा. व्हर्मांट राज्याने तर 2002 साली आपली शेवटची बंदिस्त कार्यशाळाही मोडीत काढली. तयारी पुरी झाल्यावर बाहेर पाठवू म्हणणाऱ्या कार्यशाळेत माणसं वर्षानुवर्षं तयारीच करत राहतात, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडेही चाळिशीतला माणूस 'पूर्वव्यावसायिक' गटात मणी ओवताना दिसतो. कशाच्या पूर्वीचा हा व्यवसाय, हे कुणी विचारत नाही.

आणि 'जमत नाही' हा निकाल कुणाविषयी लागतो तेही पाहा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन शिक्षकाने बंदिस्त कार्यशाळांतल्या मध्यम आणि तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना सायकलचा 15 सुट्या भागांचा ब्रेक जुळवायला दिला. हीच माणसं तोवर फार तर पिशव्या भरत होती. गोल्डने काम बारीक पायऱ्यांत मोडलं, काही जणांसाठी प्रत्येक भागाच्या वर येणाऱ्या बाजूला रंग लावला, बोलणं कमीत कमी ठेवलं आणि चुकलं की 'दुसरा मार्ग बघ' एवढंच सांगितलं. बहुतेकांना ते जमलं. गोल्डचा निष्कर्ष त्याच्या धंद्यातल्या लोकांना झोंबला: शिकणाऱ्याला आलं नाही, तर आधी शिकवणाऱ्याने आपली पद्धत तपासावी. तुमच्या गॅसचंही तसंच आहे. लायटर जमत नसेल तर इंडक्शन शेगडी घ्या, बटणावर लाल टिकली चिकटवा. पेटवता येतो की नाही हा प्रश्नच निकालात निघतो. वीस वर्षं आपण माणसाला शेगडीच्या मापाचा करत बसलो.

पालक : ब्रेक ठीक आहे. पण त्या ब्रेकने त्याचं पोट भरलं का? आमच्या कार्यशाळेत पणत्या रंगवतात, राख्या करतात, फाइली, कागदी पिशव्या. दिवाळीला स्टॉल लागतो, मुलांना मानधन मिळतं, त्या दिवशी ती ताठ मानेने घरी येतात. हे तुम्ही हसण्यावारी नेऊ नका.

लेखिका : मानधनाचं पाकीट हातात घेतलेला चेहरा मीही हसण्यावारी नेणार नाही. पण स्टॉलवरचं गिऱ्हाईक पणती घेतं ते बहुधा पणतीसाठी नव्हे, आणि कार्तिक संपला की माल उरतो. हे काम वर्षातल्या दोन महिन्यांचं. उरलेले दहा महिने हात चालता राहावा म्हणून चालवलेले. जुहूचं 'कॅफे अर्पण' असो, 2017 पासून चाललेली 'मिट्टी कॅफे' असो, लेमन ट्री हॉटेलांमधल्या नोकऱ्या असोत, तिथे गिऱ्हाइकाला खरोखर चहा हवा असतो आणि उशीर झाला तर ते कुरकुरतं. ही कुरकुर शिकवते तेवढं ताईंची शाबासकी शिकवत नाही. तरी एक कबूल करते: अशा नोकऱ्या मोजक्या आहेत आणि त्या सौम्य अपंगत्व असलेल्यांनाच बहुतेक मिळतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, त्यांतला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. लेखी परीक्षेच्या चाळणीतून तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस तिथे कसा पोचणार, हे कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणूनच मी प्रशिक्षणाचं माप पगारात घेत नाही. स्वतःच्या घरातली किती कामं दुसऱ्याच्या हातून आपल्या हातात आली, हे माप सगळ्यांना लावता येतं. पणती रंगवता येणाऱ्या तिशीतल्या माणसाला स्वतःची चादर बदलता येत नसेल, तर त्याच्या प्रशिक्षणाचा क्रम कुणाच्या सोयीने लागला हे विचारायला हवं.

पालक : चादर राहू द्या. मुलींचं बोला. मुलीच्या बापाला कुंपण का लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

लेखिका : नको. पण कुंपणाच्या आत काय झालं, तेही बापाला माहीत असायला हवं. 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं गेलं पाळीतल्या स्वच्छतेचं: मुलींना जमत नाही, कर्मचाऱ्यांना पुरं पडत नाही. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीचा पॅड बदलणं ही पायऱ्यांत मोडून शिकवता येणारी कृती आहे, गोल्डच्या ब्रेकपेक्षा सोपी, आणि विशेष शाळांतल्या शिक्षिका ती शिकवत आलेल्या आहेत. वेळ द्यावा लागतो, इतकंच. जिथे तो वेळ देणं हे कुणाचंच काम नव्हतं, तिथे अवयव काढण्यापर्यंत गोष्ट गेली. निवास एकीकडे आणि शिकवणं दुसरीकडे, ही वाटणी कुठवर नेऊ शकते याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कुंपणाच्या आतलं दुसरं उदाहरण चंडीगडचं. तिथल्या सरकारी नारी निकेतनातच एका बौद्धिक अपंग तरुणीवर अत्याचार झाला आणि ती गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, कारण तिला मूल हवं होतं आणि तिच्या संमतीशिवाय पुढे जाता येणार नाही असं न्यायालयाचं मत पडलं. न्यायालय कुणाच्या बाजूने गेलं हा वेगळा विषय. मला एवढंच दाखवायचं आहे की ती सुरक्षित जागेतच होती.

तुमच्या मुद्द्याला लहान घर हेही उत्तर नाही, हे मीच सांगते. न्यूयॉर्कच्या विलोब्रूकमध्ये 4000 जणांच्या जागेत 6000 जण कोंबले होते, 1972 साली टीव्हीवर त्यांची अवस्था दिसली आणि 1987 मध्ये ती संस्था बंद झाली. ते मोठेपणाचं पाप म्हणता येईल. पण इंग्लंडात ब्रिस्टलजवळचं विंटरबोर्न व्ह्यू अवघ्या 24 खाटांचं होतं. 2011 साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली आणि 11 कर्मचारी दोषी ठरले. दोन्हींत सारखं होतं ते बंदपण. आत राहणारा बाहेर जात नव्हता, बाहेरचा न सांगता आत येत नव्हता. देणगीदारांच्या भेटीने हे भरून निघत नाही, काका, कारण देणगीदार येतात त्या दिवशी रांगोळी असते. रोज सकाळी दुसरीकडे कामाला जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचा वळ त्या दुसऱ्या ठिकाणच्या ताईंना दिसतो. आणि या मुलांना आपण लहानपणापासून मनापासून शिकवतो ते एकच कौशल्य: सांगितलं की ऐकायचं. 'शहाणा आहे, त्रास देत नाही' ही आपली सर्वात मोठी शाबासकी. ज्याला कधी 'नको' म्हणू दिलं नाही, त्याच्याशी वाईट वागणाऱ्याचं काम सोपं होतं. कपाटातला हा शर्ट नको, ही भाजी नको, आत्ता आंघोळ नको, हे रोज ऐकून घेणारं घर मुलीला नको त्या प्रसंगी 'नको' म्हणायची सवय लावतं. आणि ज्या मुलीला स्वतःचा पॅड, स्वतःची आंघोळ जमते, तिच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागण्याचे प्रसंगच कमी होतात. कौशल्याचा हा हिशेब कार्यशाळेच्या प्रगतिपुस्तकात येत नाही.

पालक : बरं, मानलं. पण तुमचं हे घर म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चार मुलं आणि एक मावशी. संस्थेत निदान गजबज असते. इथे दार लावलं की संपलं. परदेशात हे करून बसले, आता तिथली माणसं एकटी पडली म्हणतात.

लेखिका : म्हणतात आणि बरोबर म्हणतात. नॉर्वेने 1991 पासून या संस्था मोडून माणसांना गावागावांतल्या छोट्या घरांत हलवलं, स्वीडनने 1999 च्या अखेरीची मुदत घातली. राहण्याची जागा सुधारली, खासगीपणा आला, बरंचसं स्वतः ठरवता येऊ लागलं. मैत्र मात्र आपोआप वाढलं नाही. ब्रिटनमध्ये जिम मॅन्सेल आणि त्यांचे सहकारी छोट्या घरांमध्ये तासन्‌तास बसून नोंदी करत, आणि त्यांना अनेक घरांत असं दिसलं की कर्मचारी भराभर स्वयंपाक उरकतात आणि राहणारे सोफ्यावर बसून असतात. म्हणजे संस्थेची सवय नव्या पत्त्यावर राहायला आली. त्यांनी त्यावर काढलेला उपाय साधा होता: प्रत्येक कामात राहणाऱ्याचा काहीतरी वाटा काढायचा, मग तो वाटा वाटाणे टोपल्यातून पातेल्यात टाकण्याएवढा का असेना, आणि कर्मचाऱ्याला त्याचंच प्रशिक्षण द्यायचं. जिथे ते नीट झालं तिथे माणसं दिवसाचा जास्त वेळ कशात तरी गुंतलेली दिसू लागली. फ्लॅट घेतला की झालं, असं मी म्हणणारच नाही. दिवसभर फ्लॅटमध्ये राहणं तर मुळीच नको. जिथे झोपायचं तिथेच काम करायचं नाही, आणि दोन्ही ठिकाणं एकाच मालकाची नसावीत, हा नियम मी दगडावर कोरून ठेवीन. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या अटालिसा गावात टेक्सासहून आणलेले बौद्धिक अपंग पुरुष जुन्या शाळेच्या इमारतीत राहून टर्की कापण्याच्या कारखान्यात राबत होते. राहण्याची सोय, काम, पैशांचा हिशेब, सगळं एकाच कंपनीच्या हातात. महिन्याला 65 डॉलर हातावर ठेवले जात. 2009 साली हे उघडकीला आलं, 2013 मध्ये ज्यूरीने 24 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, पुढे कायद्याच्या मर्यादेमुळे ती कितीतरी पट घटली. छप्पर आणि रोजगार दोन्ही होते तिथे. म्हणून निवासी संस्थेच्या आवारातच कार्यशाळा आहे, हे माहितीपत्रकातलं वाक्य मला गुणासारखं वाटत नाही.

पालक : तुमची सगळी उदाहरणं थोडंफार बोलणाऱ्यांची आहेत. ज्याला भरवावं लागतं, जो 'हो-नाही'सुद्धा सांगत नाही, त्याला काय विचारणार तुम्ही? भाजी कोणती हवी म्हणून?

लेखिका : हो, भाजीच. दोन वाट्या समोर धरायच्या आणि नजर कुठे जाते ते बघायचं. तुमच्या घरी त्याच्या आईला ते बघावंही लागत नसेल, तिला माहीतच असतं. अडचण अशी की ही माहिती तिच्या एकटीच्या डोक्यात आहे आणि ती तिच्याबरोबरच जाणार आहे. न बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत घर लवकर सुरू करण्याची निकड जास्त आहे, कमी नाही. कारण सांभाळणाऱ्यांना त्याची भाषा शिकायला वेळ लागतो आणि शिकवणारी आई तेव्हा हयात असावी लागते. पोट दुखलं की तो कानावर मारून घेतो, हे संस्थेच्या प्रवेश-अर्जात कुठल्या रकान्यात लिहिणार?

पालक : आता पैशावर या.

लेखिका : येते, आणि इथे माझी बाजू थोडी लंगडी आहे. घर चालतं ते सांभाळणाऱ्या माणसांवर, आणि आपल्याकडे या कामाला पगार तुटपुंजा, सुट्टी अनिश्चित, मान तर नाहीच. चांगली मावशी दोन वर्षांत हॉस्पिटलात जास्त पगारावर जाते. मोठी संस्था हा धक्का पचवते, छोट्या घराला तो बसतो. त्यावर छोट्या घरांनी एकत्र येऊन माणसं नेमणं, बदली माणसं ठेवणं, हाच उपाय दिसतो: घरं वेगळी, त्यांमागची संस्था एक. जागेचं म्हणाल, तर पुण्या-ठाण्यातल्या चार पालकांचे मिळून चार फ्लॅट असतात. पुढेमागे ते ट्रस्टच्या नावे झाले तर एकात चौघं राहतील आणि तीन भाड्याने जातील.

पालक : वा! आणि तोवर आम्ही म्हातारा-म्हातारीने कुठे राहायचं? शिवाय धाकटा मुलगा आहे, सून आहे. फ्लॅट ट्रस्टला दिला म्हटलं तर घरात महाभारत. आणि सोसायटी? 'वेड्यांचं हॉस्टेल नको' म्हणून सह्यांची मोहीम निघेल.

लेखिका : फ्लॅट आज देऊच नका. चौघांनी मिळून एक भाड्याचा फ्लॅट घ्या. धाकट्याला इंजिनिअरिंगला बाहेरगावी ठेवताना खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरलेच होते की, तेव्हा कुणी महाभारत केलं नाही. सोसायटीचा विरोध होईल. 2016 चा कायदा अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देतो, अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये असंही सांगतो. कायदा दाखवून दार उघडतं, शेजार मिळत नाही. तो पुढे रोजच्या ये-जा करण्यातून मिळाला तर मिळतो. हे सगळं शहरातल्या पेन्शनवाल्यांचं झालं, याची मला जाणीव आहे. मराठवाड्यातल्या शेतमजुराच्या मुलाला फ्लॅट नाही, ट्रस्ट नाही. त्याला तालुक्याला दिवसाचं केंद्र आणि तिथवर नेणारी गाडी आधी लागते, नाहीतर आईची मजुरी बुडते. ज्याला घरच नाही, त्याचं काय याचं उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिलं. टाकून दिलेल्या अपंग मुलांना त्यांनी स्वतःचं नाव लावलं, आणि अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढायचा नियम या मुलांना लावू नका, असा कायदा करा, म्हणून सरकारकडे वर्षानुवर्षं मागणी केली. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी पदकापेक्षा जुनी आहे. संस्था एका माणसाभोवती उभी असली की 'यांच्यानंतर काय' हा प्रश्न तिलाही चुकत नाही, म्हणून मला तो माणूस थोर वाटला तरी व्यवस्था म्हणून ती पुरेशी वाटत नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याचं दहावं कलम वाचा. तुमचं आणि माझं भांडण त्यात शेजारी शेजारी बसलेलं आहे: अपंग व्यक्तीला होईल तितकं स्वतंत्रपणे, आपल्या माणसांच्या जवळ जगता यावं हा एक हेतू, आणि पालकांच्या मृत्यूनंतर तिची काळजी घेतली जावी हा दुसरा. याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वही ठरवून घेता येतं. अनेक पालक तो एक कागद करतात आणि सगळी तजवीज झाली समजतात. कागदावर निर्णय कुणी घ्यायचे ते ठरतं, रात्री दिवा कुणी मालवायचा ते ठरत नाही.

पालक : मग कधी सुरू करायचं म्हणता? आमच्या अंगात बळ आहे तोवर तरी तो आमच्याजवळ असावा, एवढीच इच्छा असते हो.

लेखिका : ती इच्छाच उशीर करवते. बळ संपलं की हलवायचं, म्हणजे मुलगा पन्नाशीचा आणि तुम्ही ऐंशीचे. आई गेली, घर गेलं, अंथरूण बदललं, जेवणाची चव बदलली, सगळं एका आठवड्यात. डाउन सिंड्रोम असेल तर चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमरची शक्यता खूप वाढते, म्हणजे नवं शिकायचं वयही सरत आलेलं. धाकटी भावंडं ज्या वयात घराबाहेर पडतात, पंचविशी-तिशी, तेच वय याचंही. सुरुवात महिन्यातल्या दोन रात्रींनी करा. नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' नावाची अल्पकालीन निवासाची योजना आहे, काही संस्था स्वतःहूनही असं ठेवून घेतात. मग आठवडा, मग सोमवार ते शुक्रवार.

पालक : आणि नाही रमला तर?

लेखिका : परत आणा. दुसरं घर बघा, चौघांतला एक बदला, मावशी बदला. हे सगळं करायला तुम्ही आहात तोवरच चुकलं तर दुरुस्त होतं. नंतर त्याच्या वतीने तक्रार करायलाही कुणी नसेल.

पालक : त्याच्या आईला त्या दोन रात्री झोप लागायची नाही.

लेखिका : नाही लागणार. तिने जागून एक यादी करावी. दात त्याने स्वतः घासले की घासून दिले, भाजी कुणी वाढली, रात्री उठला तेव्हा संडासचा दिवा सापडला का, कुणाशी भांडला, कुणाशेजारी बसला. सोमवारी सकाळी त्याला आणायला जाताना तिला ते सगळं विचारता येईल, आणि उत्तरं पटली नाहीत तर तिथेच उभं राहून ताईंशी कडाकडा भांडताही येईल.